सोन्याच्या तबकडीवरचे शेजारी : केसरबाई आणि चक बेरी

रानजाई
आमची आजी जयपूर घराण्याचं गाणं शिकली, त्यामुळे केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आमच्या घरात मी बोलायला लागायच्या आधीपासून वाजतेय. परग्रहावर कुणी असलंच तर त्यांच्यासाठी पृथ्वीची ओळख म्हणून नासाच्या दोन व्हॉयेजर अवकाशयानांवर एक तबकडी पाठवलीय, तिच्यात ती गेलीय हेही लहानपणापासून ऐकत आले. गेल्या महिन्यात भाचीला शाळेसाठी त्यावर प्रकल्प करायचा होता, म्हणून पहिल्यांदाच पूर्ण यादी काढून बसलो. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, संगीताचे २७ तुकडे, ५५ भाषांमधली अभिवादनं (त्यात मराठीही आहे, 'नमस्कार'पासून सुरू होतं). बाख, मोझार्ट, बेथोव्हेन, जावाचा गॅमेलान वाद्यवृंद, आणि सातव्या क्रमांकावर अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवादक चक बेरी, 'जॉनी बी. गुड', १९५८.

मी रॉक अँड रोल कधी मन लावून ऐकलेलं नाही. पहिल्यांदा लावलं तेव्हा नुसती घाई वाटली. दुसऱ्यांदा पाय हलायला लागला. आता रोज सकाळी डबे भरताना तेच चालू असतं. मग त्याच्याबद्दल वाचायला घेतलं, तर माणूस तीन वेळा तुरुंगात जाऊन आलेला! तेव्हापासून मन थोडं खट्टू आहे.

तर दोन प्रश्न. अख्ख्या पृथ्वीतर्फे पाठवायला याच माणसाचं हेच गाणं का? आणि त्याचं अजून काय ऐकू?

टिवल्याबावल्या
वाचनखूण साठवली. गाणं लावलं आणि मांडीवरचं मांजर उठून गेलं.

ध्रुवमत्स्य
पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. निवड खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या छोट्या समितीने केली. बेरीसाठी समितीतल्या ॲन ड्रुयान यांनी आग्रह धरला होता. लोकसंगीताचे मोठे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांचा विरोध होता, रॉक हे पोरवयाचं संगीत आहे असं त्यांचं म्हणणं. त्यावर सेगन यांचं उत्तर प्रसिद्ध आहे : या ग्रहावर पोरवयाचे पुष्कळ लोक राहतात.

मला हे उत्तर नेहमीच पटत आलंय. पृथ्वीचं चित्र पाठवायचं तर त्यात सोळा-सतरा वर्षांची माणसं नकोत का?

आणि केसरबाईंविषयी एक गोष्ट. व्हॉयेजर २ निघालं २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. बाई गेल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. तबकडीवर त्यांच्या भैरवीनंतर लगेच ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाचं शब्दांविना गुणगुणणं येतं. तो क्रम ज्याने लावला त्याला माझा नमस्कार.

म्हादईकाठ
केसरबाई गोव्यातल्या आमच्या फोंड्याजवळच्या केरीच्या. १८९२ चा जन्म. १९२१ पासून जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे तालीम, थेट ते १९४६ साली जाईपर्यंत. तशा तालमीतून आलेला आवाज आणि तीन मिनिटांचं नाचाचं गाणं एका तबकडीत बसवणं मला आजही जड जातं. रानजाई, राग मानू नका, पण मी लोमॅक्सच्या बाजूने.

सहा_तारा
म्हादईकाठ, जरा थांबा. पंचवीस वर्षं कोल्हापूर, सांगली, मिरज पट्ट्यात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. त्यातली पहिली दोन वर्षं बेरीची ती सुरुवातीची बारा-पंधरा सेकंदं बसवण्यात गेली, म्हणून बोलतो.

तो दोन तारा एकदम छेडतो आणि बोटाने एकीला ओढून दुसरीच्या जवळ आणतो. दोन माणसं एकाच वाक्यावर हट्टाने बोलावीत तसं वाजतं. ऐकायला सोपं आणि हातात घेतलं की घाम काढणारं. वर तोच माणूस तेव्हाच गातोय, शब्द एवढे स्पष्ट की इंग्रजीचा गंध नसलेल्या आमच्या ढोलकीवाल्याला गाणं तोंडपाठ होतं. आणि गोष्ट काय सांगतो बघा. लुइझियानाच्या रानातलं, लाकडाच्या खोपटातलं पोरगं, धड लिहिता-वाचता येत नाही, गोणपाटाच्या पिशवीत गिटार घालून रेल्वेच्या रुळांपाशी झाडाखाली बसून वाजवतंय. जाणारे-येणारे थांबतात. आई म्हणते, एक दिवस तुझं नाव दिव्यांत झळकेल. अडीच मिनिटांत पोराचा सगळा जन्म डोळ्यांसमोर उभा करायला काय लागतं, ते लिहून बघितल्याशिवाय कळत नाही.

दूरदेशी
बेरीच्याच गावात, अमेरिकेतल्या सेंट लुईसला, एकोणीस वर्षं राहतोय. त्याचा जन्म १८ ऑक्टोबर १९२६ चा, घर गुड अव्हेन्यूवर. गाण्यातल्या 'गुड'ची जन्मकथा ती, रस्त्याच्या नावातून आलेली. वडील सुतारकाम करायचे आणि चर्चमध्ये सेवेकरी होते, आई शाळेची मुख्याध्यापिका. म्हणजे लिहिता-वाचता न येणारा पोरगा तो स्वतः नव्हे. त्याच्या घरात कविता आणि स्तोत्रं होती. गाण्यात आधी 'काळा पोरगा' असं होतं, रेडिओवर वाजावं म्हणून ते 'खेड्यातला पोरगा' केलं, हे त्याने स्वतः सांगितलंय.

मी त्याला प्रत्यक्ष ऐकलंय. इथे डेलमार रस्त्यावर ब्लूबेरी हिल नावाचं खाण्यापिण्याचं ठिकाण आहे. त्याच्या तळघरातल्या छोट्या सभागृहात तो १९९६ पासून २०१४ पर्यंत महिन्यातून एकदा वाजवायचा. एकूण २०९ कार्यक्रम झाले. मी गेलो तेव्हा त्याने ऐंशी ओलांडलेली. डोक्यावर खलाशाची टोपी. बोटं अडखळत होती, मधेच दुसऱ्याच सुरात शिरायचा आणि मुलगा गिटारवर, मुलगी माउथ ऑर्गनवर त्याला सांभाळून घ्यायचे. शब्द विसरला की लोक पुढचे शब्द म्हणायचे. माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांनी १९५५ साली त्याला नदीपलीकडच्या क्लबात ऐकलं होतं म्हणे. ते पूर्ण वेळ उभे होते.

पेटीवाला
त्या नदीपलीकडच्या क्लबाचं नाव निघालंच आहे तर एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं : जॉनी जॉन्सन. कॉस्मोपॉलिटन क्लबात वाजवणारं त्रिकूट मुळात त्याचं, पियानो तो वाजवायचा. १९५२ च्या ३१ डिसेंबरला त्याचा सॅक्सोफोनवाला आजारी पडला म्हणून बेरीला एका रात्रीपुरतं बोलावलं. पुढे बँडच बेरीचा झाला.

बेरीची कितीतरी गाणी गिटारवाल्याला अडचणीच्या पट्ट्यांत आहेत. 'जॉनी बी. गुड' आपल्या भाषेत काळी पाच. काही काळी दोनमध्ये. मोकळ्या तारांचा काही उपयोग नाही. या पट्ट्या पियानोवाल्याच्या आणि फुंकवाद्यांच्या. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने यावर बोट ठेवलं, की ही गाणी पियानोपाशी बसून घडली असणार. तोवर जॉन्सन सेंट लुईसमध्ये म्हाताऱ्या लोकांची बस चालवत होता. १९८६ मध्ये बेरीच्या साठीच्या मैफलीत रिचर्ड्सने त्याला पुन्हा पियानोवर बसवलं. २००० साली जॉन्सनने पन्नासहून अधिक गाण्यांवर हक्क सांगत दावा लावला. फार उशीर झाला म्हणून २००२ मध्ये कोर्टाने तो काढून टाकला.

मी आयुष्यभर साथीला बसलोय. साथीदाराने वाट दाखवली की गायक त्या वाटेने जातो, आणि दुसऱ्या दिवशी ती वाट गायकाच्या नावाने ओळखली जाते. हे मला फार लागतं.

सहा_तारा
पेटीवाले, लागणं बरोबर आहे. पण शब्द एकट्या बेरीचे, त्यावर जॉन्सननेही कधी हक्क सांगितला नाही. आणि गंमत अशी की खुद्द 'जॉनी बी. गुड'च्या ध्वनिमुद्रणात पियानोवर जॉन्सन नाही, बहुतेक लाफायेट लीक आहे. जॉन्सनचं नाव मात्र गाण्यातल्या पोराला मिळालं.

सुरुवातीचा तुकडा तर १९४६ सालच्या लुई जॉर्डनच्या एका रेकॉर्डमधला, कार्ल होगन या गिटारवाल्याचा. जवळजवळ सुरास सूर. बेरी होगनचं नाव घ्यायचा, लपवलं नाही कधी.

म्हादईकाठ
म्हणजे ज्या तुकड्यासाठी तुम्ही दोन वर्षं घालवलीत तोही उसना!

सहा_तारा
हो. आणि आमच्या खाँसाहेबांच्या बंदिशी तरी कुठून आल्या, म्हादईकाठ? गुरूची गत घ्यायची, आपल्या गळ्यातून काढायची. होगनच्या हातात ती गाण्याची नांदी होती. बेरीच्या हातात ती त्या पोराचा आवाज झाली.

खिडकीतली
धागा छान चाललाय, पण रानजाई यांच्या मनातला सल सगळ्यांनी ओलांडून पुढे उडी मारलीय. तुरुंगाचं बोलू या.

पहिली खेप १९४४ ची. शाळेत असतानाच मित्रांबरोबर कॅन्सस सिटीत दुकानं लुटली, गाडी पळवली. दहा वर्षांची शिक्षा, सुधारगृहातून सुटला तो एकविसाव्या वाढदिवशी. शेवटची १९७९ ची, कर चुकवल्याबद्दल चार महिने. या दोन्हींबद्दल मला फारसं म्हणायचं नाही.

मधली वेगळी आहे. डिसेंबर १९५९ मध्ये त्याला अटक झाली ती १४ वर्षांच्या एका मुलीला राज्याच्या सीमा ओलांडून आपल्या क्लबात कामाला आणलं म्हणून, आणि आरोप लैंगिक होता. चौदा वर्षांची. मी आठवी-नववीला शिकवते, माझ्यासमोर रोज त्या वयाच्या चाळीस मुली बसतात. १९९० मध्ये पुन्हा, त्याच्या उपाहारगृहाच्या स्वच्छतागृहात कॅमेरे लावल्याबद्दल अनेक बायकांनी दावा केला, तो पैसे देऊन मिटवला गेला. प्रतिभा प्रतिभेच्या जागी. पण 'तीन वेळा तुरुंग' असं एका दमात म्हटलं की गाडीचोरी आणि ही मुलगी एकाच ओळीत येतात. ते मला मान्य नाही.

दूरदेशी
खिडकीतली, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. त्यात एक भर घालतो, ती वजाबाकी म्हणून घेऊ नका. या मुलीच्या प्रकरणातल्या पहिल्या खटल्यात न्यायाधीशाची वर्णद्वेषी वक्तव्यं एवढी उघड होती की वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला. दुसऱ्या खटल्यात तीन वर्षांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९६२ ते ऑक्टोबर १९६३ तो आत होता. न्यायाधीश पक्षपाती होता हे खरं, आणि ती मुलगी चौदा वर्षांची होती हेही खरं. या गावातले जुने लोक यातली एकच बाजू सांगतात, गोरे एक आणि काळे दुसरी. मला दोन्ही ऐकायला बरीच वर्षं लागली.

रानजाई
खिडकीतली, धन्यवाद. माझ्या मनात नेमकं हेच होतं आणि शब्द सापडत नव्हते. गाणं बंद करणार नाही, पण भाचीच्या प्रकल्पात त्याच्याबद्दल 'महान माणूस' असं लिहिलं होतं ते 'महान गीतकार आणि गिटारवादक' असं केलं.

टिवल्याबावल्या
कोणीतरी 'काय ऐकू'चं उत्तर द्या हो, मांजर परत आलंय.

ध्रुवमत्स्य
माझी आवडती गाणी त्याच १९६२-६३ च्या तुरुंगवासात लिहिलेली आहेत. त्यातलं 'प्रॉमिस्ड लँड' जरूर ऐका. एक गरीब माणूस व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून कॅलिफोर्नियाला निघतो. आधी बस, ती बंद पडते, मग आगगाडी, मग कुणी दयेने काढून दिलेलं विमानाचं तिकीट, आणि शेवटी लॉस एंजेलिसहून घरी फोन. गावांची नावं एकामागून एक, आपल्याकडे एसटीचा कंडक्टर थांबे पुकारतो तशी. मार्ग नीट लिहिता यावा म्हणून बेरीने तुरुंगात नकाशांचं पुस्तक मागितलं, तर अधिकाऱ्यांना शंका, हा पळून जायची वाट शोधतोय की काय! कोठडीत बसून देश ओलांडणारं गाणं लिहिणं यापेक्षा मोठी भरारी मला माहीत नाही. व्हॉयेजरवर मला विचारलं असतं तर हे पाठवलं असतं.

पेटीवाला
'वी वी अवर्स' ऐका. १९५५ च्या मे महिन्यात ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या सांगण्यावरून तो शिकागोला चेस या रेकॉर्ड कंपनीकडे गेला, तेव्हा त्याला वाटत होतं की हेच संथ ब्लूज गाणं पसंत पडेल. लिओनार्ड चेसने मात्र दुसरंच उचललं, 'आयडा रेड' या जुन्या खेडवळ नाचगाण्यावरून केलेलं. नाव बदलून झालं 'मेबेलीन'. ते तुफान चाललं आणि ब्लूज मागच्या बाजूला गेलं. त्या मागच्या बाजूवर जॉन्सनचा पियानो आहे. रात्री दिवा मालवून ऐका.

सहा_तारा
'मेबेलीन'वरून आठवलं. रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा लेखक म्हणून बेरीबरोबर आणखी दोन नावं होती. एक रेडिओवर गाणी वाजवणारा ॲलन फ्रीड, दुसरा चेस कंपनीच्या ओळखीतला रस फ्राटो. दोघांनी एक ओळ लिहिली नव्हती. फ्रीडला तो वाटा दिला होता गाणं वाजवत राहावं म्हणून. पूर्ण हक्क परत मिळायला १९८६ उजाडलं.

लोक म्हणतात बेरी पैशाला फार पक्का होता. स्वतः गाडी चालवत यायचा, बँड आणायचा नाही, आयोजकाने गावातली पोरं उभी करायची. करारात ठरलेले दोन फेंडर ॲम्प्लिफायर हवेतच. रोख रक्कम हातात पडल्याशिवाय गिटारची पेटी उघडायचा नाही. पुढे मोठा रॉक गायक झालेला ब्रूस स्प्रिंगस्टीन तरुणपणी एकदा असाच त्याच्या मागे उभा होता. आज कोणती गाणी वाजवायची विचारलं, तर उत्तर मिळालं, चक बेरीची.

मला या रोखीचा राग येत नाही. १९९४ ला एका गावच्या जत्रेत आमची सुपारी होती. इसार हजार रुपये, बाकी कार्यक्रमानंतर. पहाटे तीनला वाजवून उतरलो तर आयोजक गायब. चौदा माणसं, ड्रमसेट, गाडीचं भाडं. आमच्या मालकाने बायकोची पाटली मोडून सगळ्यांचे त्या रात्रीचे पैसे वाटले. पुढच्या वर्षापासून आम्हीही पूर्ण पैसे घेतल्याशिवाय वायर जोडली नाही. लोक आम्हालाही पैशाला पक्के म्हणायला लागले.

खिडकीतली
काका, ही गोष्ट वाचून गलबलून आलं. पाटली परत झाली का?

सहा_तारा
झाली. दोन गणपती गेले, पण झाली.

पेटीवाला
रोख घ्यायला माझी हरकत नाही. गावागावात नवी पोरं मागे उभी करायची, तालीम नाही, पट्टी सांगायची नाही, याला आहे. म्हणून त्याचे कितीतरी कार्यक्रम बेसूर झाले. साथीदाराला असं वाऱ्यावर सोडणं हा श्रोत्याचाही अपमान. तोच बेरी स्टुडिओत किती काटेकोर होता ते ऐका आणि मग सांगा.

दूरदेशी
यावर पेटीवाल्यांशी सहमत. पण त्याच्या सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग त्याने लिहून ठेवलाय. 'मेबेलीन' ऐकून दक्षिणेकडच्या एका आयोजकाला तो गोरा वाटला. प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याला रंगमंचावर जाऊ दिलं नाही. बाहेर गाडीत बसून त्याने आतला गोऱ्यांचा बँड त्याचंच गाणं वाजवताना ऐकलं. मला वाटतं तो पुढे कुणाच्याच बँडचा होऊ शकला नाही, त्याचं मूळ अशा रात्रींमध्ये आहे. हे माझं मत.

टिवल्याबावल्या
आणि रॉक अँड रोलचा राजा म्हणे एल्व्हिस.

ध्रुवमत्स्य
एल्व्हिसचा गळा थोर होता, वाद नको. पण तो गाणी लिहीत नसे. बेरीने लिहिली, गायली, वाजवली. बीटल्स आणि स्टोन्स दोघांनी सुरुवात बेरीची गाणी वाजवून केली, स्टोन्सची १९६३ सालची पहिली रेकॉर्डच त्याच्या गाण्याची. बीच बॉइजच्या 'सर्फिंग यू.एस.ए.'ची चाल एवढी त्याची होती की हक्क त्याच्या प्रकाशकाकडे गेले.

आणि व्हॉयेजरचं पूर्ण करतो. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेलं तेव्हा पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत शास्त्रज्ञांनी जल्लोष केला. तिथे बेरी स्वतः येऊन 'जॉनी बी. गुड' गायला. सेगनही होते. तबकडीवरच्या कलाकारांपैकी असं भाग्य आणखी कुणाला मिळालं?

म्हादईकाठ
चार दिवस हा धागा वाचतोय. काल रात्री तबकडीवरचे सगळे तुकडे क्रमाने ऐकले, दीड तास. सहावा मेक्सिकोच्या मारियाचीचा, मग बेरी, मग न्यू गिनीतल्या पुरुषांच्या घरातली बासरी. त्या जागी बेरी आला आणि मी हसलो, खरंच हसलो. मधेच कुणीतरी दार ढकलून आत आल्यासारखं वाटलं. बाईंचं गाणं खूप नंतर येतं. तोवर कान शांत झालेले असतात.

लोमॅक्सची बाजू सोडतो. बाईंना काय वाटलं असतं याचा विचार मात्र अजून चालू आहे.

रानजाई
माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला सहा_तारा काकांच्या पहिल्या प्रतिसादात मिळालं, उशिरा लक्षात आलं. धड लिहिता-वाचता न येणाऱ्या पोराचं गाणं आपण अशांना पाठवलंय ज्यांना आपली एकही लिपी येत नसणार. त्यांनी थांबावं ते नुसत्या वाजवण्याने. व्हॉयेजर १ आज २४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. रुळांपाशी बसलेलं ते पोरगं तिथवर पोचलं.

दूरदेशी, तो २०१७ मध्ये गेला तेव्हा तुम्ही तिथेच होतात का?

दूरदेशी
होतो. १८ मार्चला गेला, नव्वदाव्या वर्षी. अंत्यविधीला रांगेत उभा राहिलो. शवपेटीच्या झाकणाला आतून त्याची लाल गिब्सन गिटार बसवलेली होती. बायको थेमेटा शेवटपर्यंत बरोबर होती, अडुसष्ट वर्षांचा संसार. रांगेत माझ्या पुढे बसचालकाच्या गणवेशातला एक माणूस होता, तो कामावरून तसाच आला होता.

रानजाई
आज एक झालं ते सांगते. आजीला दुपारी 'जॉनी बी. गुड' ऐकवलं. वय ८८, कानाला यंत्र. सुरुवातीचा तुकडा झाला, तिने हात वर करून थांबवलं आणि पुन्हा लाव म्हणाली. तीनदा सुरुवातच ऐकली. मग पेटी पुढे ओढली, भाता उघडला आणि सूर धरला. काळी पाच. "अगं, ही तर माझीच पट्टी," म्हणाली. संध्याकाळी पुन्हा मागून घेतलं.

पेटीवाला
आजींना माझा साष्टांग. त्यांना 'वी वी अवर्स'ही ऐकवा, आणि पियानोकडे लक्ष द्यायला सांगा.